गिअर ‘पार्क’वर बसत नाही? आधी गाडी रोखा, मग दोष शोधा

स्वयंचलित गिअरच्या मोटारीत गिअरचा दांडा ‘पी’ म्हणजेच ‘पार्क’ या स्थानावर नीट न बसणे, ही तक्रार सपाट रस्त्यावर किरकोळ वाटते. उतारावर मात्र ती जीवघेणी ठरू शकते. म्हैसूरची चामुंडी टेकडी शहरापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच आहे. देवीच्या दर्शनासाठी वळणावळणाच्या रस्त्याने वर जाणाऱ्या मोटारींची दसऱ्याच्या दिवसांत मोठी गर्दी होते आणि अनेकदा चढ-उतारावरच गाडी उभी करावी लागते. अशा ठिकाणी ‘पी’ हे अक्षर दिसले म्हणजे गाडी रोखली गेली, असे समजणे धोक्याचे आहे.

‘पार्क’ म्हणजे काय?

‘पार्क’ हा ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समध्ये चाकांकडे जाणाऱ्या दंडावर एक दातेरी चक्र असते. दांडा ‘पी’वर नेला की एक लहान पोलादी खटका या चक्राच्या खाचेत अडकतो. गाडीचा सारा भार या एका खटक्यावर येतो. दांडा व खटका यांना जोडणारी केबल सैल झाली अथवा तिच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश तुटले, तर दांडा ‘पी’ दाखवतो. पण खटका खाचेत पोहोचलेलाच नसतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत १९८० मध्ये फोर्ड कंपनीच्या ‘पार्क’मधून निसटणाऱ्या गाड्यांबाबत तडजोड झाली आणि सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना इशाऱ्याच्या चिठ्ठ्या पाठवण्यात आल्या. याच कंपनीने २०२२ मध्ये केबलच्या बुशमधील दोषामुळे सुमारे २९ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. फियाट क्रायस्लर कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांचा दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परतत असल्याने गिअर कोणता पडला, हे चालकाला नीट कळत नसे. त्यापैकीच एक गाडी उतारावरून घसरून १९ जून २०१६ रोजी अभिनेते अँटन येल्चिन यांचा मृत्यू झाला.

तपासणीचा क्रम

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी गाडी सपाट जागी आणावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडीच्या पुढे, मागे वा खाली कोणीही थांबू नये.

दांडा ‘पी’पर्यंत जातच नसेल, तर प्रथम त्याच्या खोबणीत नाणे, कागद किंवा सांडलेल्या सरबताचा चिकट थर आहे का, ते पाहावे. दांड्यावरचे बटण दाबल्यावर परत वर येते का, हेही तपासावे. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी ‘पी’ टाकल्यास कटकट असा आवाज येतो. खटका दात्यांवर आपटत असल्याचे ते लक्षण आहे.

दांडा ‘पी’वर जातो, तरीही किल्ली निघत नाही, दर्शकावर दुसरेच अक्षर दिसते किंवा गाडी ‘पी’मध्ये सुरू न होता केवळ ‘एन’मध्ये सुरू होते, तर केबल, बुश किंवा गिअरचे स्थान ओळखणारा स्विच यांवर संशय घ्यावा. सपाट जागी, ब्रेकवर पाय तयार ठेवून ठोकळे व हँडब्रेक काढल्यास गाडी किंचित हलून थांबली पाहिजे. ती सरकतच राहिली, तर खटका बसलेला नाही. गाडी पुन्हा रोखून थेट कार्यशाळेला कळवावे. केवळ गिअरचे तेल भरून हा दोष दूर होत नाही, कारण तो यांत्रिक जोडणीतला आहे.

दांडा ‘पी’मधून निघतच नसेल, तर कारण बहुधा वेगळे असते. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का, ते दुसऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्यावे. दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज तपासावा. बॅटरी उतरली असल्यासही कुलूप सुटत नाही. मात्र गाडी उतारावर असेल, तर तिच्या वजनाने खटका आवळला गेलेला असू शकतो.

योग्य सवय

हा ताण टाळण्याचा क्रम सोपा आहे. ब्रेक दाबून गाडी थांबवावी, ‘एन’ टाकावा, हँडब्रेक ओढावा आणि ब्रेकवरील पाय हळूच सैल करावा. भार हँडब्रेकवर आल्यावर पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ टाकावा. उतारावर पुढची चाके कडेच्या दिशेने वळवून ठेवावीत.

भारतात २०१४ पासून लोकप्रिय झालेल्या एएमटी प्रकारच्या अनेक गाड्यांना ‘पी’ हे स्थानच नसते. अशी गाडी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार, सार्वजनिक ठिकाणी चालकाविना गाडी उभी ठेवताना इंजिन बंद करून ब्रेक लावणे किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी उपाययोजना करणे बंधनकारक आहे.

दोष दुरुस्त होईपर्यंत गाडी उतारावर उभी करू नये आणि इंजिन चालू ठेवून तिच्यातून उतरू नये.