पाणी समुद्राचे नव्हे, रक्तातले

पोहणाऱ्याला एकाएकी धाप लागली, खोकला सुटला आणि तोंडातून गुलाबी फेस आला, तर नाकातोंडात पाणी गेले असावे असेच आपण समजू. परंतु काही वेळा बाहेरचे पाणी फुप्फुसात गेलेलेच नसते. तेथे साठलेला द्रव पोहणाऱ्याच्याच रक्तातून झिरपलेला असतो. हे वैद्यकाच्या ध्यानात कसे आले ते आपण पाहू.

ब्रिटिश हृदयतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाणबुड्यांमधील या विकाराकडे लक्ष वेधले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी अशा ११ जणांची माहिती दिली. थंडीमुळे यांच्या रक्तवाहिन्या इतरांपेक्षा अधिक आकसत होत्या. साहजिकच ठपका थंड पाण्यावर आला.

१९९५ मध्ये मात्र इस्राएलमधून निराळीच हकीकत आली. समुद्रात २.४ किलोमीटर पोहताना ८ धडधाकट तरुणांना हाच त्रास झाला. पाणी होते २३ अंश सेल्सिअसचे, म्हणजे फारसे गार नव्हते. पण पोहण्यापूर्वी हे तरुण सुमारे ५ लिटर पाणी प्यायले होते! थंडी हे एकच कारण आता पुरेना.

मग खरे कारण कोणते? पाण्यात उतरताच बाहेरच्या दाबामुळे पायांच्या शिरांतील बरेचसे रक्त छातीकडे सरकते. गारठ्याने त्वचेतील वाहिन्या आकसल्या की त्यात भर पडते. त्यातच जोराने हातपाय मारले की हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारे रक्तही वाढते. काहींच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांना हा दाब पेलत नाही आणि द्रव वायुकोशांत उतरतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात, पूर्वी हा त्रास झालेल्या १० जणांना २० अंशांच्या पाण्यात व्यायाम करायला लावून हा दाब प्रत्यक्ष मोजला गेला. तो इतरांपेक्षा जास्त भरला.

स्वीडनमधील एका नदीतल्या शर्यतीत २०१६ ते २०१९ या काळात हा विकार सुमारे ०.४४ टक्के वेळा आढळला. म्हणजे तो अगदीच विरळा नाही. तरीही दमणूक, भीती किंवा दमा समजून पोहणारा पुढे जात राहतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

म्हणून पोहण्याच्या स्पर्धेला मुलांना नेणाऱ्या शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू : अवाजवी धाप लागलेल्या मुलाला धीर देऊन पुढे पाठवू नका. लगेच पाण्याबाहेर काढा, आडवे न निजवता बसवा, ऊब द्या आणि डॉक्टरांना बोलवा. वेळीच बाहेर काढलेले बहुतेक जण एकदोन दिवसांत बरे होतात.