गोळीतील इस्ट्रोजेन : एका मात्रेचा इतिहास

संततिनियमनाच्या इतिहासात इ. स. १९३८ हे साल दोन कारणांनी स्मरणात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. रोहम हे स्वतंत्र मजूर पक्षाचे. नाशिकचे दादासाहेब गायकवाडही त्याच पक्षाचे आमदार होते. ठरावावरील भाषण सिद्ध केले होते पक्षाचे पुढारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीची बाजू तेथे मांडली गेली. परंतु ठराव नामंजूर झाला. त्याच वर्षी बर्लिन येथील शेरिंग कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स इनहोफेन व वाल्टर होल्वेग या दोघा संशोधकांनी एथिनिल इस्ट्राडायोल नावाचे द्रव्य तयार केले. मुंबईत ज्या साधनाची उणीव होती, ते पुढे याच द्रव्याच्या आधाराने घडावयाचे होते.

ती उणीव प्रा. र. धों. कर्वे यांच्याइतकी कोणास ठाऊक असणार? त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात आंबेडकर त्यांचे वकील होते. परंतु पोटात घेण्याजोगे खात्रीचे औषध त्यांच्यापाशी नव्हते. १९५३ मध्ये ते निवर्तले, तेव्हाही ते बाजारात आलेले नव्हते.

इस्ट्रोजेन हा स्त्रीच्या बीजकोशांतून रक्तात मिसळणारा अंतःस्राव. तो शुद्ध रूपात १९२९ मध्येच हाती आला होता. मात्र नैसर्गिक इस्ट्रोजेन तोंडावाटे दिले, तर यकृतात त्याचा बहुतांश नाश होतो. बर्लिनच्या संशोधकांनी त्याच्या रेणूस दोन कार्बन-अणूंची एक लहानशी शाखा जोडली. त्या शाखेमुळे यकृताला त्याचे विघटन सहजी करता येईना. अशा रीतीने अत्यल्प मात्रेतही गुण देणारे द्रव्य लाभले.

गोळीमध्ये इस्ट्रोजेनचा प्रवेश मात्र योगायोगाने झाला. अमेरिकेत ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक यांचा भर प्रोजेस्टेरॉनसारख्या दुसऱ्या द्रव्यावर होता. त्या द्रव्यात मेस्ट्रॅनॉल नावाच्या कृत्रिम इस्ट्रोजेनची भेसळ आढळली. ती काढून टाकताच स्त्रियांना अवेळी रक्तस्राव होऊ लागला. तेव्हा भेसळ म्हणून हिणविलेले द्रव्य मुद्दाम मोजून घालण्यात आले. हीच संयुक्त गोळी. त्यातील एक द्रव्य बीजविमोचन रोखते. इस्ट्रोजेन त्यास साहाय्य करते आणि गर्भाशयाचे अस्तर स्थिर राखते.

१९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर या गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. आपण प्रयोगात सामील आहोत, हे तेथील गरीब स्त्रियांना नीट सांगण्यात आले नव्हते. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळविले, की १७ टक्के स्त्रियांना मळमळ, घेरी, डोकेदुखी असे त्रास होतात. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने ज्या गोळीस संततिनियमनासाठी अनुमती दिली, तिच्यात मेस्ट्रॅनॉल १५० मायक्रोग्रॅम होते.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक वृत्त आले : गोळी घेणाऱ्या एका स्त्रीच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. इस्ट्रोजेनमुळे यकृतात रक्त गोठविणारी द्रव्ये अधिक तयार होतात, आणि मात्रा जितकी मोठी तितका धोका अधिक, हे क्रमाने उघड झाले. १९६९ च्या अखेरीस ब्रिटिश समितीने ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये चौकशी चालू असता, गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीची साक्ष का घेत नाही, असे स्त्रियांनी उभे राहून विचारले. त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारे पत्रक घालणे तेथे बंधनकारक झाले. अति तेथे माती, हे शास्त्रज्ञांस पटावयास दहा वर्षे लागली. आणि पटविण्यात त्रास सोसणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा होता.

आज भारत सरकारच्या ‘माला-एन’ गोळीत एथिनिल इस्ट्राडायोल अवघे ३० मायक्रोग्रॅम असते. पाकिटात २१ गोळ्या औषधाच्या व ७ लोहाच्या. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींनी अशी साधने घरपोच देण्याची योजना आरंभिली गेली. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगरी तालुक्यांत, जेथे दवाखाना दूर, तेथे तिचे मोल विशेष. इस्ट्रोजेन ज्यांस सोसत नाही त्यांच्यासाठी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने घडविलेली ‘सहेली’ ही निराळ्या जातीची गोळी १९९१ पासून उपलब्ध आहे.

तथापि मात्रा घटली म्हणून विचारपूस अनावश्यक ठरत नाही. पस्तिशी उलटलेल्या व धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला संयुक्त गोळी योग्य नव्हे. हे तिला तिच्याच भाषेत, न संकोचता सांगितले गेले पाहिजे. कर्व्यांनी मराठीत मासिक चालवून दंड भरला तो एवढ्याचसाठी.