'डीप स्पेस नाइन'चा पहिला सीझन : सीमेवरच्या स्थानकाची गोष्ट

'स्टार ट्रेक'मधली 'डीप स्पेस नाइन' ही अमेरिकन मालिका 3 जानेवारी 1993 ला सुरू झाली. पहिला सीझन त्याच वर्षी जूनमध्ये संपला. यातलं अवकाशस्थानक म्हणजे बजोर ग्रहाजवळचं सीमेवरचं नाकंच. कार्डेशियनांनी सुमारे 50 वर्षं बजोर ताब्यात ठेवला. ते गेल्यावर कमांडर सिस्को (एव्हरी ब्रुक्स) आणि बजोरची मेजर कीरा (नाना व्हिजिटर) स्थानक सांभाळतात.

सुरुवातीचे काही भाग रेंगाळतात. 'प्रोग्रेस' मात्र चुकवू नये. ऊर्जा प्रकल्पासाठी बजोरचा एक चंद्र रिकामा करायचाय, पण म्हातारा शेतकरी मुलिबॉक घर सोडत नाही. शेवटी कीराच ते पेटवते. प्रकल्पाची गरज खरी, म्हाताऱ्याचं म्हणणंही खरं.

ताप्ती लाइननं येऊन उधन्यात स्थिरावलेल्या खान्देशी कुटुंबांना हे परकं वाटणार नाही. तापीवरच्या उकाई धरणानं (1972) गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हीकडची गावं उठवली.

'ड्युएट'मध्ये छळछावणीतला एक कार्डेशियन कारकून मुद्दाम स्वतःला तिथला अधिकारी म्हणवतो. खटला चालावा, आपल्या लोकांनी गुन्हा कबूल करावा, एवढंच त्याला हवं असतं. वेळ कमी असेल तर हे दोन भाग आधी पाहावेत.