ध्रुवपद आणि कडवी

गाण्याची चाल प्रथम कानाला भिडते. शब्दांचा अर्थ मागाहून येतो आणि कित्येकदा तो येतच नाही. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.' या गीताचा इतिहास याची साक्ष देतो. 'अमेरिकेत जन्मलेला' हा त्या नावाचा अर्थ. जून १९८४ मध्ये याच नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि एकट्या अमेरिकेत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. ढोलाचे दणदणीत ठोके आणि घसा ताणून गायिलेले ध्रुवपद ऐकताच श्रोते मुठी उंचावीत, राष्ट्रध्वज फडकवीत. हे देशगौरवाचे गीत होय, अशी अनेकांची समजूत झाली.

कडव्यांतील कहाणी मात्र निराळी आहे. एका उजाड गावातला गरीब तरुण कसल्याशा भानगडीत सापडतो. त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला धाडतात. परतल्यावर तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात त्याला काम मिळत नाही. माजी सैनिकांच्या कचेरीतही पदरी निराशाच येते. त्याचा भाऊ खे सान येथे लढला, तो परतलाच नाही. उरले ते केवळ एक छायाचित्र. दहा वर्षे लोटली तरी या माणसाला जायला ठिकाण नाही. अशा मनुष्याच्या तोंडी ध्रुवपद आले की तो जयघोष राहत नाही. याच देशात मी जन्मलो, मग माझी ही दशा का, असा तो जाब असतो.

या दुःखाला इतिहासाचा आधार आहे. खे सानच्या अमेरिकन तळाला १९६८ साली ७७ दिवसांचा वेढा पडला होता. त्या युद्धात अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. स्प्रिंगस्टीनच्या तरुणपणीच्या वाद्यवृंदातील एक ढोलवादक १९६७ साली तेथेच मारला गेला. स्वतः स्प्रिंगस्टीन वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्याने सैन्यात गेला नाही. पुढे युद्धात अपंग झालेल्या रॉन कोविक याचे आत्मचरित्र त्याच्या वाचनात आले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये त्याने लॉस एंजलिस येथे माजी सैनिकांच्या संघटनेच्या साहाय्यार्थ जलसा केला. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतील बेकारी शेकडा दहाच्या वर गेली होती. कारखान्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतणारा सैनिक ही काही केवळ कविकल्पना नव्हती.

सप्टेंबर १९८४ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, अध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतील हॅमंटन गावी आले. स्प्रिंगस्टीन त्याच राज्याचा सुपुत्र. त्याच्या गीतांत आशेचा संदेश आहे, असे रेगन यांनी सभेत सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पिट्सबर्ग येथील रंगमंचावरून स्प्रिंगस्टीनने, अध्यक्षांनी आपली नेमकी कोणती मुद्रिका ऐकली असावी, अशी मार्मिक शंका व्यक्त केली.

दोष चालीचा म्हणावा काय? १९८२ च्या आरंभी स्प्रिंगस्टीनने हेच गीत घरी, साध्या गिटारीवर, ध्वनिमुद्रित केले होते. ते मुद्रण १९९८ साली प्रकाशात आले. त्यात ढोल नाही, जल्लोष नाही. एकाकी माणसाचा विव्हळ सूर तेवढा आहे. ते ऐकून कोणाची फसगत होणे कठीण. परंतु त्या रूपात हे गीत इतक्या घरी पोचले असते, असेही म्हणवत नाही. ज्या ढोलाने सैनिकाचे गाऱ्हाणे देशभर नेले, त्याच ढोलाच्या घोषात ते बुडूनही गेले.

युद्धे संपतात, विजयाच्या किंवा पराजयाच्या कथा ग्रंथांत जातात. परतलेला सैनिक मात्र काम मागत दारोदार हिंडत राहतो. त्याचे म्हणणे ध्रुवपदात नसते, कडव्यांत असते. मूठ उंचावण्यापूर्वी ती कडवी ऐकून घेणे, एवढे तरी ऋण श्रोत्याने मानावयास हवे.