उत्क्रांतिवाद आणि त्याचा विज्ञानावरील प्रभाव

उत्क्रांतिवाद : सजीवांच्या आजच्या जाती स्वतंत्रपणे निर्माण झालेल्या नसून पूर्वीच्या जातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेल्या आनुवंशिक बदलांतून त्या उद्भवल्या आहेत, असे प्रतिपादन करणारा जीवविज्ञानातील मूलभूत सिद्धांत. जाती बदलतात हा विचार फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्क यांनी १८०९ मध्ये मांडला होता. परंतु त्या बदलाचे पटणारे कारण चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या निबंधांतून पुढे आले. हे निबंध १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले आणि पुढच्याच वर्षी डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका जातीतील जीवांत लहानमोठे फरक असतात, त्यांतील काही संततीत उतरतात आणि जन्मलेले सर्वच जीव तगत नसल्यामुळे परिस्थितीला अनुकूल फरक असलेल्यांची संतती वाढत जाते. या प्रक्रियेस नैसर्गिक निवड म्हणतात.

या सिद्धांतामुळे सजीवांचे वर्गीकरण केवळ साम्यावर न राहता वंशसंबंधांवर उभे राहिले, तर जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या पुराजीवविज्ञानाला भाकीत करण्याची क्षमता लाभली. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधील प्राणी कोणत्या काळाच्या खडकांत सापडावा, याचा अंदाज बांधून शोध घेतल्यावर कॅनडाच्या एल्झमिअर बेटावर २००४ मध्ये सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा ‘टिक्टालिक’ मिळाला. त्याला माशाप्रमाणे खवले व पर होते, पण मान चतुष्पादांप्रमाणे वळणारी होती.

सिद्धांताची कसोटी इतर विज्ञानांनीही घेतली. पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी काढलेले तिचे वय इतक्या सावकाश चालणाऱ्या उत्क्रांतीला अपुरे होते. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवर आधारलेल्या कालमापनाने ते सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरल्यावर हा आक्षेप मावळला. आनुवंशिकतेचे नियम डार्विन यांना ठाऊक नव्हते. मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेले आणि १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आलेले हे नियम फिशर, राइट आणि हॉल्डेन यांनी गणिताच्या साहाय्याने नैसर्गिक निवडीशी जोडले; त्यातून ‘आधुनिक संश्लेषण’ आकारास आले. यांपैकी हॉल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन होईपर्यंत भारतातच राहिले.

रेणवीय जीवविज्ञानाने वंशसंबंधांचा स्वतंत्र पुरावा दिला. रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा सूक्ष्मजीवांचा वेगळा गट ओळखला.

वैद्यकात या सिद्धांताचे महत्त्व रोजच्या उपचारांपर्यंत पोहोचते. प्रतिजैविकाने संवेदनशील जंतू मरतात आणि उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकातील आकस्मिक बदलाने, प्रतिरोधक झालेले जंतू उरून वाढतात. एकाच जंतूत अनेक औषधांविरुद्धची उत्परिवर्तने एकत्र येण्याची शक्यता अत्यंत कमी असते. म्हणूनच क्षयरोगावर अनेक औषधे एकाच वेळी दिली जातात आणि उपचार अर्धवट सोडणे रुग्णासह समाजालाही घातक ठरते.