डेल्टिक एंजिने व त्यांच्या प्रतिकृती : साधनचिकित्सेचा एक प्रश्न

यंत्रांच्या इतिहासात जतन करून ठेवलेली मूळ वस्तू हे सर्वश्रेष्ठ साधन होय, असा सामान्य समज आहे. कागदपत्रे गहाळ होतात, छायाचित्रे पुसट होतात. वस्तू मात्र समोर उभी असते व तिला मोजपट्टी लावता येते. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यास ब्रिटनमधील ‘डेल्टिक’ डीझेल एंजिनांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. या एंजिनांच्या तंतोतंत लहान प्रतिकृती घडविणाऱ्यांस जे प्रश्न सोडवावे लागतात, ते वस्तुतः इतिहाससंशोधकाचेच प्रश्न आहेत.

पहिले डेल्टिक एंजिन इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने प्रेस्टन येथे बांधले व ते १९५५ साली रुळांवर आले. नेपियर कंपनीने आरमाराच्या वेगवान नौकांसाठी सिद्ध केलेल्या जातीची दोन यंत्रे त्यात बसविली होती. प्रत्येक यंत्रात अठरा नळकांडी त्रिकोणाकृती रचनेत असून प्रत्येक नळकांड्यात समोरासमोर दोन दट्टे चालत. या त्रिकोणाचे ग्रीक लिपीतील ‘डेल्टा’ अक्षराशी असलेले साम्य हेच नामकरणाचे कारण होय. दोन्ही यंत्रांची शक्ती मिळून ३३०० अश्वशक्ती होती. फिकट निळ्या रंगाचे हे एंजिन १९६१ साली सेवेतून निघाले व १९६३ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेले. त्याच्या धर्तीवर १९६१-६२ मध्ये २२ एंजिने बांधण्यात आली व पूर्व किनाऱ्याच्या मुख्य मार्गावर त्यांनी वाफेच्या ५५ एंजिनांची जागा घेतली. जानेवारी १९८२ च्या आरंभी त्यांची सेवा संपली. त्या २२ पैकी सहा एंजिने आज जतन केलेली आहेत.

ही सहा एंजिने साक्षीदार खरी; परंतु साक्ष कोणत्या काळाची, हा प्रश्न उरतोच. वीस वर्षांच्या सेवेत त्यांच्यात वारंवार बदल झाले. आरंभी ती हिरव्या रंगाच्या दोन छटांत होती व १९६१ साली आलेल्या एंजिनांच्या तोंडावर पिवळा पट्टा नव्हता. तो नंतर आला. पुढे सर्व अंग निळे व तोंड पूर्ण पिवळे झाले. मूळच्या निर्वात ब्रेकांस हवेच्या दाबाच्या ब्रेकांची जोड मिळाली. डबे वाफेऐवजी विजेने तापविण्याची सोय झाली. तोंडावरील चार अक्षरांकांची गाडीसूचक चौकट १९७६ नंतर निरुपयोगी ठरली व तिच्या जागी दोन दिवे आले. सारांश, आज दिसणारे एंजिन हे अनेक हातांनी फेरफार केलेल्या पोथीसारखे आहे. त्यातील मूळ पाठ कोणता व प्रक्षेप कोणता, हे पोथी एकटी सांगत नाही.

जतन झाल्यानंतरही ही प्रक्रिया थांबत नाही. जुना हिरवा रंग पुन्हा दिलेले एंजिन मुख्य मार्गावर चालवावयाचे, तर हवेच्या ब्रेकांच्या नळ्या ठेवाव्याच लागतात. रंग १९६१ चा व नळ्या नंतरच्या, असे हे रूप सेवाकाळात कधीच अस्तित्वात नव्हते. त्यावरून केलेली प्रतिकृती मापाने अचूक असूनही इतिहासदृष्ट्या असत्य ठरेल.

म्हणून इतर साधने आवश्यक होतात. कारखान्याची रेखाचित्रे योजना सांगतात. प्रत्यक्ष बांधणी तशीच झाली, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. दिनांकित छायाचित्र विशिष्ट दिवसाची स्थिती निश्चित करते; पण ते एकच बाजू दाखविते व कृष्णधवल असल्यास रंगाविषयी मौन पाळते. नावे व क्रमांक यांतही सावधगिरी हवी. ‘डी ९०००’ या एंजिनास ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’ हे नाव १९६२ साली मिळाले. १९६१ च्या रूपातील प्रतिकृतीवर ती नामपट्टी लावणे ही कालविसंगती होय. पुढील क्रमांकपद्धतीत ‘डी ९००१’ चे ‘५५ ००१’ झाले. परंतु त्या पद्धतीत शून्य क्रमांक नसल्याने ‘डी ९०००’ हे एकदम शेवटी जाऊन ‘५५ ०२२’ ठरले. केवळ गणिताने क्रमांक लावणारा येथे हमखास फसतो.

मोजमापालाही मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या प्रमाणात एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. ६९ फूट ६ इंच लांबीचे एंजिन त्यात २७८ मिलिमीटरांचे होते. परंतु त्याच प्रमाणाने रुळांमधील अंतर सुमारे १८.८३ मिलिमीटर यावयास हवे, तेथे प्रचलित रूळ १६.५ मिलिमीटरांचे आहेत. ही तडजोड उघड व सर्वज्ञात असल्याने ती कोणाची दिशाभूल करीत नाही. अज्ञानाने झालेल्या चुकीचे तसे नसते.

उरलेली सोळा एंजिने मोडीत निघाली. त्यांच्यापैकी एखाद्याची प्रतिकृती करताना त्याच्या भावंडांची मोजमापे व त्याची स्वतःची छायाचित्रे यांचाच मेळ घालावा लागतो. आणि पुढील पिढ्यांस त्या एंजिनाचे घनरूप दर्शन घडविणारी ती प्रतिकृतीच असेल. आजची प्रतिकृती हे उद्याचे साधन आहे. यास्तव कोणते एंजिन, कोणते वर्ष व कोणता पुरावा, या तीन गोष्टींची नोंद प्रतिकृतीसोबत ठेवणे हे कारागिराचे कर्तव्य ठरते. ती नोंद नसेल, तर सुबक चूक हीच कालांतराने प्रमाण मानली जाईल.