दोघांची गाडी

आमच्या गिरगावातल्या चाळीत कुणाकडे नवी गाडी आली की 'पळते किती?' असं कोणी विचारत नाही. 'बसतात किती?' एवढंच विचारतात. एका फियाटमधून नऊ माणसं आणि एक स्टोव्ह जेजुरीला जाऊन आल्याचा दाखला अजून दिला जातो. अशा संस्कारात वाढलेल्या कारकुनानं जॅग्वार ई-टाइपचा इतिहास लिहावा म्हणजे शाकाहाऱ्यानं बोंबलाच्या कालवणावर बोलण्यापैकी आहे. पण जमाखर्च बघायची खोड ना!

ही गाडी कूपे जातीची. कूपे आपल्याला ठाऊक तो रेल्वेच्या फर्स्ट क्लासमधला. दोन बर्थांचा, नवपरिणितांना हवा असतो आणि मिळतो दोन अनोळखी म्हाताऱ्यांना. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेली'. घोडागाडीचा पुढचा भाग कापून टाकला, दोघांपुरती जागा उरली, झाली कूपे.

गंमत अशी, की विल्यम लायन्सनं धंदा काढला तो जागा वाढवण्याचा. १९२२ साली ब्लॅकपूलला, भागीदारीत, मोटारसायकलच्या साइडकार. म्हणजे बायकोची सोय! पुढे कॉव्हेंट्रीला गाड्या बनू लागल्या, एसएस नावाच्या. ती अक्षरं हिटलरच्या माणसांनी पार नासवली, म्हणून १९४५ मध्ये कंपनी 'जॅग्वार' झाली.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप अवतरली. चक्कर मारायला लोकांची इतकी झुंबड, की लायन्सनं आणखी एक गाडी मागवली. नॉर्मन ड्यूइस हा कंपनीचा चाचणी-चालक ती कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत घेऊन आला. मामानं कोकणातून आंब्याची दुसरी पेटी आणावी तशी.

गाडीचा आकार माल्कम सेयरचा. हा मूळचा विमानाच्या कारखान्यातला. ती लांबसडक वळणं त्यानं लॉग टेबलं आणि स्लाइड रूल घेऊन गणितानं काढली. आम्हाला लॉग टेबल उघडलं की झोप यायची!

पण मला खरी सुंदर वाटते ती किंमत. ३.८ लिटरचं इंजिन, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ताशी दीडशे मैल, आणि कूपेची किंमत सुमारे २,२०० पौंड. तेव्हाच्या दरानं तीस हजार रुपयांच्या आत. ॲस्टन मार्टिनला जवळजवळ दुप्पट पडत. लायन्स पैपैचा हिशेब ठेवणारा. अशी माणसं सुंदर वस्तू बनवतात यावर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही.

१९६६ मध्ये गाडी नऊ इंचांनी लांबवून मागे मुलांपुरत्या दोन जागा केल्या. रसिक म्हणतात, रूप बिघडलं. बिघडलं असेल, पोरांना कुठे ठेवायचं ते रसिकांनी सांगावं. १९७१ मध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आलं, मग तेलाचे भाव भडकले, आणि १९७४ मध्ये, बहात्तर हजारांवर गाड्या काढून, ई-टाइप थांबली.

कंपनी मात्र घरं बदलत राहिली. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये, १९८४ मध्ये स्वतंत्र, १९८९ मध्ये फोर्डकडे. आणि जून २००८ मध्ये लँड रोव्हरसकट थेट आमच्या फोर्टातल्या बॉम्बे हाऊसकडे! किंमत २३० कोटी डॉलर. त्यासाठी टाटा मोटर्सनं तीनशे कोटी डॉलरचं तात्पुरतं कर्ज काढलं. चाळीस हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार मागणारा मी. तो आकडा वाचून चहा गार झाला. त्याच जानेवारीत टाटांनी लाखाची नॅनो दाखवली होती, चार माणसांची. चाळीत चर्चा अर्थात तिचीच.

मग जगभर मंदी आली. २००८-०९ चा ताळेबंद निघाला तो एकत्रित २,५०५ कोटी रुपयांच्या तोट्याचा. आमच्या ब्रँचमधले शेअरवाले जेवणाच्या सुट्टीत डबे न उघडता बसले होते. पुढच्याच वर्षी नफा झाला आणि डबे उघडले.

२०१३ मध्ये टाटांच्या अमलाखाली एफ-टाइप आली, पुन्हा दोघांचीच. नॅनो २०१८ मध्ये बंद पडली. एफ-टाइप २०२४ पर्यंत निघत होती.